साडेचार एकरांतली त्र्याहत्तर वर्षांची वाईन

प्रश्न : फ्रान्समधल्या एका जुन्या रेड वाईनची एकच बाटली लिलावात काही कोटी रुपयांना गेली, असं वाचलं. विश्वास बसला नाही. आमची कापसाची शेती आहे. २०२२-२३ च्या हंगामात भाव वाढेल म्हणून आम्ही कापूस विकला नाही, एका खोलीत छतापर्यंत भरून ठेवला. आदल्या वर्षी क्विंटलला दहा हजारांच्या वर गेलेला भाव पुन्हा काही आला नाही. कापूस वाळून वजन घटलं, रंग पिवळट झाला, लेकरांच्या अंगाला खाज सुटली आणि शेवटी मिळेल त्या भावात तो द्यावा लागला. मग द्राक्षाचा रस सत्तर वर्षं ठेवला तर तो नासत कसा नाही? त्याची किंमत वाढते ती कशामुळे? महाराष्ट्रात एवढी द्राक्षं होतात, तर अशी वाईन आपल्याकडे का होत नाही? आणि आमच्या भागात वाईनची द्राक्षं लावली तर चालतील का?

एक वाचक, बोरी अरब, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : तुम्ही वाचलेली बाटली बहुधा ‘रोमाने-कोंती’ची, १९४५ सालच्या द्राक्षांची. १३ ऑक्टोबर २०१८ रोजी न्यूयॉर्कमध्ये सदबीजच्या लिलावात ती ५ लाख ५८ हजार डॉलरना गेली. त्या वेळच्या दरानं चार कोटी रुपयांच्या वर. बाटली नेहमीच्याच मापाची, पाऊण लिटरची. लिलाववाल्यांनी तिचा अंदाज ३२ हजार डॉलरपर्यंतच धरला होता. त्याच विक्रीत तिची जोडीदार बाटली ४ लाख ९६ हजारांना गेली.

वाईनवर लिहिणारे बहुतेक जण वास, चव आणि पेले यांच्यात रमतात. तुम्ही मात्र कापसाच्या खोलीतून प्रश्न विचारलात आणि त्यामुळे तो थेट मुळाशी गेला. शेतातून निघालेला माल थांबवून कोण ठेवू शकतं, किती काळ, आणि त्या थांबण्याचा खर्च कोण सोसतं, हाच जुन्या वाईनच्या किमतीतला खरा मुद्दा आहे. म्हणून उत्तर शेतापासूनच सुरू करतो.

फ्रान्सच्या पूर्व भागात बर्गंडी नावाचा प्रदेश आहे. तिथल्या व्होन-रोमाने या खेड्याच्या वरच्या अंगाला, पूर्वेकडे उतरत्या टेकडीच्या मधोमध, १.८ हेक्टरांचा एक तुकडा आहे. म्हणजे आपले साडेचार एकर. कडेनं बसकी दगडी भिंत, भिंतीवर एक उंच दगडी क्रूस. रोमाने-कोंती म्हणजे एवढीच जमीन. आपल्या सातबाऱ्यावर एवढं क्षेत्र असलेला माणूस अल्पभूधारकात मोडतो. मध्ययुगात ही जमीन सेंट-व्हिव्हाँच्या मठाकडे होती. १७६० मध्ये कोंतीच्या राजपुत्रानं ती विकत घेतली आणि तिची वाईन बाजारात न पाठवता स्वतःच्या पंगतीला ठेवली, असं सांगतात. फ्रेंच राज्यक्रांतीत ती जप्त होऊन लिलावात निघाली. आज ती ‘दोमेन द ला रोमाने-कोंती’ या संस्थेकडे आहे आणि संस्थेची मालकी द व्हिलेन आणि लरुआ या दोन घराण्यांत वाटलेली आहे. आसपास त्यांच्या आणखीही बागा आहेत, पण नाव या तुकड्याचं.

जमीन चुनखडीची, मातीचा थर पातळ, पाणी मुरून पुढे सरकणारं. तुमच्याकडची काळी कसदार जमीन पाहिलेल्या माणसाला ती गरीबच वाटेल. तिच्यातून वर्षाला पाच-सहा हजार बाटल्या निघतात. हिशेब केला तर एकरी सव्वा-दीड टन द्राक्षं. आपल्याकडे नाशिक-सांगलीचा खाण्याच्या द्राक्षांचा बागायतदार एकरी दहा टनांच्या आसपास माल काढतो. इथे मुद्दाम उत्पन्न कमी ठेवतात, कारण वेलीवर घड जितके कमी, तितका प्रत्येक घडात रस, रंग आणि तुरटपणा दाट.

आता १९४५ हेच साल का, ते सांगतो. ही कहाणी शेतकऱ्यालाच जास्त कळेल.

एकोणिसाव्या शतकात, १८६० नंतर, अमेरिकेतून आलेल्या फायलोक्सेरा नावाच्या किडीनं फ्रान्सच्या द्राक्षबागा खाऊन टाकल्या. ही कीड माव्याच्या जातकुळीतली, पण जमिनीखाली मुळांवर बसते. वेल वरून हिरवा दिसत असताना आतून मेलेला असतो. उपाय सापडला तो असा, की अमेरिकन जंगली द्राक्षाच्या मुळांना ही कीड फारसं काही करू शकत नाही, म्हणून खाली अमेरिकन खुंट आणि वर फ्रेंच द्राक्षाचं कलम बांधायचं. टेक्सासमधला टी. व्ही. मन्सन हा द्राक्षांचा अभ्यासक यात पुढे होता आणि १८८८ मध्ये फ्रेंच सरकारनं त्याचा सन्मान केला. त्याच मन्सननं निवडलेल्या जातींपैकी एक म्हणजे ‘डॉगरीज’. महाराष्ट्रातला कोणताही द्राक्ष बागायतदार हे नाव ऐकून मान हलवेल. क्षारपड जमीन आणि कमी पाणी सोसतो म्हणून आपल्याकडे हजारो एकरांवर याच खुंटावर थॉमसन, सोनाका, तास-ए-गणेश या द्राक्षजातींची कलमं बांधलेली आहेत. फ्रान्सनं किडीसाठी अमेरिकन खुंट घेतला, आपण खारवट पाण्यासाठी.

रोमाने-कोंतीच्या मालकांनी मात्र कलम करायला नकार दिला. त्यांचे वेल शेकडो वर्षं दाब कलमानं वाढवलेले होते. जुन्या वेलाची फांदी जमिनीत पुरायची, तिला मुळं फुटली की नवा वेल. ते सोडायला ते तयार नव्हते. त्यासाठी त्यांनी दुसरा, फार खर्चाचा मार्ग धरला. कार्बन डायसल्फाइड हे उग्र वासाचं, हवेत पटकन उडणारं औषध मुळांना द्यायचं. दोन मुठींचा एक टोकदार लोखंडी पंप असे. पायानं दाबून तो जमिनीत रोवायचा, वरचा दांडा दाबला की ठरलेल्या मापाचं औषध खाली सुटायचं, पंप उपसून भोक टाचेनं बुजवायचं आणि पुढच्या वेलाकडे सरकायचं. एका माणसाचं दिवसभराचं काम, अंगाला सडक्या कोबीसारखा वास, आणि औषध पेट घेणारं. असं त्यांनी अर्धं शतक निभावलं.

मग दुसरं महायुद्ध आलं. औषध मिळेना, मजूर सैन्यात किंवा जर्मनीत. बाग खचत गेली. १९४५ च्या वसंतात हिमतुषारांचा तडाखा बसला आणि उरलेल्या घडांवर पुढचा उन्हाळा कडक तापला. त्या वर्षी साडेचार एकरांतून निघाल्या फक्त ६०० बाटल्या. हंगाम आटोपल्यावर मालकांनी सगळे जुने वेल उपटले. १९४७ मध्ये अमेरिकन खुंटावर बांधलेली नवी कलमं लावली आणि बाटलीत भरण्याजोगी वाईन पुन्हा मिळाली ती १९५२ ला. १९४६ ते १९५१ या सहा सालांची रोमाने-कोंती जगात अस्तित्वातच नाही. स्वतःच्या मुळांवर उभ्या राहिलेल्या त्या वेलींचा शेवटचा माल म्हणजे १९४५. चार कोटींतला मोठा वाटा या हकिकतीचा आहे.

आता तुमचा पहिला प्रश्न, द्राक्षाचा रस नासत कसा नाही.

नुसता रस असता तर दोन दिवसांत फसफसला असता. पण वाईनमध्ये ते फसफसणं आधीच पूर्ण होऊ दिलेलं असतं. यीस्ट रसातली साखर खाऊन संपवतं आणि तिचं अल्कोहोल होतं, साधारण १२-१३ टक्के. साखर उरली नाही म्हणजे बहुतेक सूक्ष्मजीवांना खायला काही उरलं नाही. त्यात द्राक्षाचं स्वतःचं आम्ल असतं आणि थोडं सल्फर डायऑक्साइड घातलेलं असतं. उरतो तो एकच मोठा शत्रू, आंबवून शिरका करणारा जिवाणू. त्याला जगायला हवा लागते आणि बाटलीत हवा जवळजवळ नसतेच. कापूस तुमच्या खोलीत उघड्या हवेत, उन्हाळ्याच्या झळांत पडून होता. बर्गंडीतली ती बाटली तळघरात होती, जिथे बारा महिने बारा-तेरा अंशांच्या आसपास गारवा असतो, ओल असते आणि अंधार असतो.

पण न नासणं वेगळं आणि मुरणं वेगळं. रेड वाईनमध्ये रसाबरोबर द्राक्षाची सालं आणि बियाही आंबतात. त्यातून रंग उतरतो आणि टॅनिन उतरतं. हिरड्यात आणि बाभळीच्या सालीत असतं त्याच वर्गातलं हे द्रव्य. त्यानं जीभ आवळते आणि त्यानंच चामडं कमावतात. नव्या वाईनमध्ये हे टॅनिन टोचतं. वर्षं जातात तसे टॅनिनचे आणि रंगाचे कण एकमेकांना धरून साखळ्या बनवतात, साखळ्या जड होतात आणि तळाशी बसतात. तुरटपणा मऊ होतो. जांभळट लाल रंग उतरत उतरत विटेच्या रंगावर येतो. ताज्या फळाचा वास मागे पडतो आणि ओला पाचोळा, अळिंबी, जुनं चामडं अशा वासांची नावं जाणकार घेऊ लागतात. ज्याला गोड, ताजी चव हवी त्याला ती मुळीच आवडणार नाही.

जुनी बाटली उघडण्याची रीत पाहण्यासारखी असते. एक-दोन दिवस आधी बाटली उभी करून ठेवतात, म्हणजे आडवी असताना अंगाला बसलेला गाळ घसरून तळाशी जातो. बूच फार हळू काढतात, कारण ते मऊ पडून भुगा व्हायला टेकलेलं असतं. मग बाटलीच्या मानेमागे मेणबत्ती किंवा दिवा धरून वाईन एका धारेत काचेच्या भांड्यात ओतायची. धार तुटू द्यायची नाही. उजेडात मानेतून काळपट धुरासारखी एक रेघ पुढे सरकताना दिसते, तो गाळ. ती दिसली की ओतणं थांबवायचं आणि तळाचा घोटभर भाग सोडून द्यायचा.

बुचाचंही सांगायला हवं. ते एका जातीच्या ओकच्या सालीचं असतं आणि सगळ्यात जास्त येतं पोर्तुगालहून. झाड पंचवीस वर्षांचं झाल्याशिवाय साल काढत नाहीत, नंतर दर नऊ वर्षांनी एकदा काढतात, आणि बुचाला चांगली साल मिळते ती तिसऱ्या खेपेला. म्हणजे बूच बनायलाच चाळीसेक वर्षं लागतात. बाटली आडवी ठेवतात ती बूच ओलं राहून फुगलेलं राहावं म्हणून. ते वाळलं तर काय होतं याचं एक प्रसिद्ध उदाहरण आहे. १९८५ मध्ये लंडनला ख्रिस्टीजच्या लिलावात अमेरिकेतल्या फोर्ब्स कुटुंबानं १७८७ सालची म्हणून दाखवलेली बोर्दोची एक बाटली १ लाख ५ हजार पौंडांना घेतली. ती दिव्यांच्या उजेडात प्रदर्शनात उभी ठेवली. उष्णतेनं बूच आक्रसलं आणि आत पडलं. पुढे त्या बाटलीच्या खरेपणावरच मोठा वाद झाला.

एक गैरसमज इथेच दूर करतो. वाईन जितकी जुनी तितकी चांगली, हे बहुतेक वाईनच्या बाबतीत खोटं आहे. जगात बनणारी बरीचशी वाईन एक-दोन वर्षांत प्यायची म्हणूनच बनवलेली असते. जिच्यात मुळात टॅनिन आणि आम्ल भरपूर नाही, ती दहा वर्षं ठेवली तर फिकी, करपट होते. यवतमाळच्या मे महिन्यात कपाटात ठेवलेली बाटली तर एका उन्हाळ्यात शिजून निघेल.

मुरण्याची कल्पना आपल्याकडे नवी नाही. द्राक्षासव आणि द्राक्षारिष्ट आयुर्वेदात शतकानुशतकं बनत आले आहेत. धायटीची फुलं घालून ते आंबवतात, आणि ही धायटी विदर्भाच्या रानात उगवते. आसवं जुनी झाल्यावर अधिक गुणकारी होतात, असं शार्ङ्गधर संहितेत सांगितलेलं आहे. औषधापुरती का होईना, ही जाण इथे होती.

आता थांबतं कोण, याकडे येऊ. रोमाने-कोंतीची वाईन ओकच्या पिंपात साधारण दीड वर्ष राहते, मग बाटलीत जाते आणि त्यानंतर विकायला निघते. म्हणजे मालक दोन-तीन वर्षं थांबतो. उरलेली सत्तर वर्षं दुसरं कुणीतरी थांबलेलं असतं. न्यूयॉर्कला विकलेली बाटली रॉबर्ट द्रुएँ यांच्या खासगी तळघरातली होती. द्रुएँ घराणं व्होन-रोमानेपासून वीसेक किलोमीटरवरच्या बोन शहरातलं, वाईनच्या व्यापारातलं. रोमाने-कोंतीच्या विक्रीची एजन्सी पूर्वी बरीच वर्षं त्यांच्याकडेच होती. बाटली शेतातून निघाली ती एका ओळखीच्या तळघरात जाऊन पडली आणि तिथून हलली नाही. गिऱ्हाइकानं पैसे मोजले त्यात ही खात्रीही आली.

त्या तळघराची युद्धातली एक गोष्ट रॉबर्ट द्रुएँ यांनी सांगितलेली आहे. जर्मन सैन्य येणार हे कळल्यावर त्यांच्या वडिलांनी तळघराच्या एका भागासमोर भिंत बांधली आणि मागे रोमाने-कोंतीच्या उत्तम सालांच्या बाटल्या दडवल्या. भिंत नवी आहे हे ओळखू येऊ नये म्हणून आई आणि लहान मुलं घरभर फिरून कोळी गोळा करत होती. ते कोळी भिंतीपाशी सोडले, त्यांनी जाळी विणली आणि भिंत जुनी दिसू लागली. माल सांभाळून ठेवण्यासाठी माणसं काय काय करतात, हे कळायला ही एक गोष्ट पुरे.

तरी फ्रान्समध्येही सगळ्यांना थांबता येत नाही. बोर्दो हा तिकडचा दुसरा मोठा प्रदेश. तिथल्या नामवंत बागा आपली वाईन पिंपात असतानाच, काढणीनंतरच्या वसंतात, व्यापाऱ्यांना विकतात. पैसे आधी, बाटल्या दीड-दोन वर्षांनी. तुमच्याकडे संत्र्याचा आंबिया बहार झाडावर असतानाच व्यापाऱ्याला देऊन टाकतात, त्यातलाच हा व्यवहार. भाव वाढला तर फायदा व्यापाऱ्याचा, पण मालकाच्या हातात रोख पडते आणि पुढच्या वर्षीची छाटणी-फवारणी निघते. २०१२ मध्ये ‘शातो लातूर’ या बोर्दोतल्या अगदी वरच्या बागेनं ही पद्धत सोडली. आमची वाईन पिण्याजोगी मुरली की मगच आमच्या तळघरातून बाहेर काढू, असं त्यांनी जाहीर केलं. १८५५ च्या सरकारी प्रतवारीत पहिल्या वर्गात बसलेली ही बाग आहे, आणि तिचे १९९३ पासूनचे मालक फ्राँस्वा पिनो हे गुची कंपनी ज्यांच्या समूहात आहे ते अब्जाधीश. कित्येक वर्षांचा माल न विकता तळघरात ठेवायचा तर मागे तसा पैसा लागतो. बोर्दोतल्या बाकीच्या बड्या बागांनी त्यांचं अनुकरण केलं नाही, ते यामुळेच असावं असं मला वाटतं.

एवढी किंमत आली की भामटेही आले. रूडी कुर्नियावान हा तरुण अमेरिकेत जुन्या बर्गंडीचा मोठा जाणकार म्हणून मिरवत होता. स्वतःच्या घरी साध्या वाईनची मिश्रणं करून तो जुन्या बाटल्यांत भरत होता आणि लेबलं छापत होता. २००८ मध्ये त्यानं पोंसो या बर्गंडीतल्या घराण्याच्या नावाच्या काही बाटल्या लिलावात काढल्या. त्यांवर एका बागेचं नाव आणि १९४५ पासूनची सालं होती, आणि त्या बागेची वाईन पोंसोंनी मुळात १९८० च्या दशकात सुरू केली होती. लोराँ पोंसो स्वतः विमानानं न्यूयॉर्कला जाऊन लिलावात हजर झाले आणि त्या बाटल्या मागे घ्यायला लावल्या. २०१४ मध्ये कुर्नियावानला दहा वर्षांची शिक्षा झाली.

आता महाराष्ट्र. वाईन आपल्याकडे होते आणि बऱ्यापैकी होते. १९८० च्या दशकात नारायणगावला श्यामराव चौगुले यांनी इंडेज उभी केली. शॅम्पेन बनवणाऱ्या पायपर-हाइडसिक या फ्रेंच घराण्याचं तंत्रसाहाय्य घेतलं आणि ‘ओमर खय्याम’ ही फसफसती वाईन परदेशी पाठवली. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस राजीव सामंत यांनी नाशिकला गंगापूर धरणाजवळ सुला सुरू केली. २००१ मध्ये राज्यानं द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण आणलं, विंचूर आणि पलूसला वाईन पार्क काढले, आणि बघता बघता नाशिक परिसरात वायनऱ्यांची रांग लागली. तुमच्या प्रश्नाला सगळ्यात जवळचं उदाहरण मला अकलूजजवळच्या फ्रातेल्लीचं वाटतं. सोलापूर जिल्ह्यातलं मोहिते-पाटील घराणं, दिल्लीचे सेखरी बंधू आणि इटलीचे सेच्ची बंधू यांनी २००७ मध्ये ती एकत्र सुरू केली. तस्कनीतले अनुभवी वाईनकार पिएरो मासी यांनी तिथे ‘सेत्ते’ नावाची रेड वाईन बनवली. सांजोवेजे आणि काबेर्ने सोव्हिन्यों या दोन जाती, ओकच्या पिंपात वर्षभराहून अधिक मुक्काम. काही वर्षं ठेवून प्यायची म्हणून बनवलेली ही मोजक्या भारतीय वाईनपैकी एक.

तरी सत्तर वर्षं टिकेल अशी वाईन इथे कठीण आहे, आणि त्याचं पहिलं कारण हवामान. बर्गंडीत हिवाळ्यात वेल पूर्ण झोपतो. वर्षात एकदाच फुटतो आणि द्राक्ष पिकतं ते उन्हाळा ओसरताना, हवा गार होत जाताना, सप्टेंबरात. आपल्याकडे वेल झोपतच नाही. म्हणून एप्रिलची खरड छाटणी आणि पावसाळा सरताना गोडी छाटणी, अशा दोन छाटण्या करून एक पीक घ्यायचं. वाईनचं द्राक्ष फेब्रुवारी-मार्चमध्ये पिकायला येतं तेव्हा ऊन चढत असतं. साखर भराभर वाढते आणि आम्ल भराभर उतरतं. वाईनला दीर्घ आयुष्य देणारं आम्लच कमी पडतं. आपल्या बागा अजून तरुण आहेत, हेही खरं. कोणत्या डोंगरउतारावर कोणतं द्राक्ष, हे बर्गंडीनं शेकडो वर्षांत शोधलं. तिथल्या अशा तुकड्यांना २०१५ मध्ये युनेस्कोनं जागतिक वारसा ठरवलं. आपला शोध काही दशकांचाच आहे.

दुसरं कारण पुन्हा थांबण्याचंच. २००८ च्या जागतिक मंदीनंतर मागणी बसली, नाशिकच्या कित्येक वायनऱ्यांच्या टाक्यांत वाईन तशीच पडून राहिली, छोटे कारखाने बंद पडले, इंडेजही कोलमडली. बऱ्याच शेतकऱ्यांनी वाईनचे वेल उपटून पुन्हा खाण्याची द्राक्षं लावली. टाकीत पडून राहणं म्हणजे मुरणं नव्हे. मुरायला पिंप लागतं, तळघर लागतं आणि त्या वर्षांत शेतकऱ्याचं देणं भागवायला पैसा लागतो. महाराष्ट्रातल्या द्राक्षवाल्यांना थांबणं जमलं ते वेगळ्या मालात. तासगाव-सांगलीचा बागायतदार द्राक्षाचा बेदाणा करतो, तो शीतगृहात ठेवतो, पावतीवर कर्ज उचलतो आणि सणासुदीला भाव पाहून विकतो. मला ही व्यवस्था रोमाने-कोंतीपेक्षा मोठी वाटते, कारण तिचा आधार हजारो घरांना आहे.

शेवटचा प्रश्न, तुमच्याकडे वाईनची द्राक्षं लावावीत का? माझं उत्तर नाही असं आहे. एक तर तुमची भारी काळी जमीन पावसाळ्यात पाणी धरून ठेवते आणि द्राक्षाच्या मुळांना ते सोसत नाही. पण त्याहून मोठी अडचण अंतराची. वाईनचं द्राक्ष पहाटे गारव्यात तोडून त्याच दिवशी कारखान्यात चिरडावं लागतं. राज्यातल्या वायनऱ्या मुख्यतः नाशिक, पुणे, सोलापूर, सांगली या पट्ट्यात आहेत. दारव्ह्याहून नाशिकला माल पोचेपर्यंत तो क्रेटमध्येच आंबायला लागेल. लागवडीला मंडप, ठिबक, औषधं यांचा खर्च एकरी काही लाखांत जातो आणि खरेदीदार एखादाच. शिवाय दारूनं तुमच्या जिल्ह्यात किती घरं बुडवली आहेत आणि दारूबंदीसाठी तिथल्या बायका किती वेळा रस्त्यावर उतरल्या आहेत, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. मी इथे वाईनची माहिती दिली, पिण्याची शिफारस केलेली नाही.

थांबण्याचं म्हणाल तर कापूस त्याला वाईट माल आहे. घरात वजन घटतं, आग लागण्याची भीती, आणि लेकरांच्या अंगाला खाज तुम्ही पाहिलीतच. पण सोयाबीन, तूर आणि हरभरा थांबू शकतात. राज्याच्या कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना बाजार समित्यांमार्फत १९९०-९१ पासून चालते. माल समितीच्या गोदामात ठेवायचा, त्याच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम सहा टक्के व्याजानं उचलायची आणि सहा महिन्यांच्या आत भाव बघून विकायचं. मात्र सगळ्याच समित्या ती सारख्या उत्साहानं राबवत नाहीत आणि गोदामात जागा लवकर भरते. तेव्हा दारव्ह्याच्या बाजार समितीत यंदा योजना चालू आहे का, कोणता माल घेतात आणि सातबाऱ्याबरोबर आणखी कोणते कागद लागतात, ही चौकशी सोयाबीन कापायच्या आधी, सप्टेंबरातच करून ठेवा.